आईला आणलंय

“इंदर, मी गाते तवर मी हाय, समजलं का रं? गानं थांबलं तर भिऊ नको, पानी प्याया गेले आसंल. धुऱ्यावरनं उठायचं नाय.”

आवाज पस्तीस वर्षांमागचा आहे आणि तो आईचा आहे. पाचोडच्या शिवारात, दुसऱ्याच्या रानात कापसाची वेचणी चाललेली, पोर सहा वर्षांचं, आणि कापूस त्याच्या डोक्याच्या वर. भामाबाई ओळीत शिरली की दिसेनाशी व्हायची. नुसते शेंडे हलायचे, मग शेंडेही हलायचे थांबायचे, आणि तेवढ्या मोठ्या रानात आईचं म्हणून काही उरायचं तर तो आवाज. तो कधी डावीकडून यायचा, कधी लांबून, वाऱ्यानं अर्धा खाल्लेला.

कापसाच्या राना आड, दिसंना मी तुला राजा
धुऱ्यावर बसून ऐक, सूर येतो तिथं माझा

तो रानाच्या कडेच्या बांधावर, धुऱ्यावर, त्या सुराला धरून बसायचा. दाव्याला बांधलेलं वासरू जसं दावं ताणून बघत नाही, तसा निवांत. एके दिवशी सूर थांबला. पाणी प्यायला गेली असेल, हे त्याला माहीत होतं, पण माहीत असण्याचा उपयोग झाला नाही. तो उठला आणि कापसात शिरला, आणि दहा पावलांत चारी बाजू सारख्या झाल्या. सगळीकडे पांढरं, आणि वर आभाळ, एवढं मोठं की त्याला कुठं काठच नव्हता. त्याला श्वास पुरेना. बायका धावत आल्या तेव्हा तो जागच्या जागी उभा होता आणि चड्डी ओली झाली होती. बायका हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. मग आई आली, तिनं पदर त्याच्या कमरेला गुंडाळला आणि म्हणाली, “हसताव कशाला? म्याच तांब्या सांडला त्याच्या अंगावर.” बायका आपापल्या ओळींकडं वळल्या. इंद्रजीतनं आईच्या हातांकडं पाहिलं. तिच्या हातात तांब्या नव्हता.

आज एसटी सुटायला पाच मिनिटं होती. मध्यवर्ती बसस्थानकाच्या फलाटावर त्याची बायको रूपाली खिडकीखाली उभी होती. शाळेतून थेट आलेली, बोटांना खडू तसाच. तिनं तळहात वर केला. “द्या.” त्यानं पाण्याची बाटली दिली. “आणि ते?” त्यानं वरच्या खिशातली गोळ्यांची पट्टी काढून दिली. जिभेखाली ठेवायच्या ह्या गोळ्या हृदयवाल्यांच्या. त्याच्या हृदयाला काही झालेलं नाही हे तीन डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, तरी पट्टी वर्षभर त्याच्या खिशात होती, आणि एकही गोळी त्यानं कधी घेतली नव्हती. “आता भीती किती, दहापैकी?” रूपालीनं विचारलं. “सहा.” “मोजणीदार, खरं सांगा.” “आठ.” “मग बरोबर. आठच असणार. आठ असलं तरी उतरायचं नाही.” ड्रायव्हर चढला, गाडी थरथरली. “आणि वाटेत फोन करू नका, मी उचलणार नाही,” ती म्हणाली. मग गाडीच्या चाकाकडं बघत हळूच, “वाजला तर जीव जाईल माझा. पण उचलणार नाही.” गाडी हलली. शर्टाच्या आतल्या खिशात त्यानं एक सुटी गोळी लपवून ठेवली होती, ती बोटांनी चाचपून पाहिली. बायकोला फसवून आणलेली ती गोळी तेवढी एकटीच नव्हती. ही आजची एसटी, एकट्यानं पाचोडपर्यंत, संध्याकाळी भरलेल्या विहारात बसणं, ही भीती मोडायला डॉक्टरांनी आखून दिलेल्या शिडीची शेवटची पायरी आहे असं रूपाली समजत होती, डॉक्टर मॅडमही तसंच समजत होत्या. त्या पायरीच्या वर आणखी एक पायरी होती. ती त्यानं कुणालाच दाखवली नव्हती. आषाढात त्यानं एक खोटं सांगितलं होतं, आणि आज आश्विनातली पौर्णिमा होती, वर्षावास संपण्याचा दिवस. ते खोटं आज गावात परत घेतलं नाही, तर आईच्या कपाळावर ते कायमचं राहणार होतं.

खोटं फार लहान होतं. एका शब्दाचं. औरंगपुऱ्यात, त्या गल्लीत जिथं खाली औषधाचं दुकान आहे आणि वर जिन्यानं गेलं की मानसोपचाराचा दवाखाना, तिथं तो जिना उतरत होता. त्या दिवशी पहिल्यांदाच तो रिक्षात एकटा बसून आला होता, पाठीला शर्ट चिकटलेला, पण आला होता, आणि उतरताना त्याला जरा गर्वही वाटत होता. शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या आणि खालून हाक आली, “इंदर! आरं तू हितं कसा?” रामकिसन काका. पाचोडचे, आळीतले, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, बाप गेल्यावर ज्यांनी त्याला बारावीच्या परीक्षेला स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून आणलं होतं, ते. हातात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि मोसंबीची पिशवी. त्यांनी वरची पाटी वाचली, ओठ हलवत, सावकाश, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. “वर तर डोक्याचा डाक्टर हाय. कुनाला आनलंस रं?” त्या क्षणी त्याच्या मनात दोन माणसं उभी होती, रूपाली आणि आई. रूपालीचं नाव घेतलं असतं तर तिच्या शाळेपर्यंत गेलं असतं, असा हिशेब त्याच्या डोक्यात विजेसारखा चमकून गेला, आणि ही गोष्ट त्याला पुढं सगळ्यात जास्त चावली, की आईचं नाव भान सुटून तोंडातून निसटलं नव्हतं, निवडून काढलं होतं. “आईला,” तो म्हणाला. “आईला आणलंय.” “वहिनीला?” काकांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “कुठंय? वर हाय का? थांब, भेटतो.” आणि ते जिना चढायला लागले. तो आडवा झाला. “नको काका. डॉक्टर म्हणालेत, कुणाला भेटू देऊ नका सध्या.” दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. काका दोन पायऱ्या मागं उतरले. त्यांचे डोळे भरून आले होते, का औषधाचे थेंब आधीच घातले होते कुणास ठाऊक. “लई सोसलं रं त्या बाईनं. निघतं मंग असं म्हातारपनी. जप तिला.” मोसंबीची पिशवी त्यांनी त्याच्या हातात दिली. “वहिनीला दे. माझं नाव नको सांगू, लाजंल ती.”

आई खरंच शहरात होती त्या आठवड्यात. सिडकोतल्या घरी, लेकाच्या “छातीच्या दुखण्याला” बघायला आलेली. तो घरी पोचला तेव्हा ती भाकऱ्या करत होती, आणि तिनं पिशवीत डोकावून हसून म्हटलं, “पाचोडची दिसत्यात.” “बाजारात घेतली,” तो म्हणाला. तिनं एक सोललं, साल एका लांब पट्टीत काढली, फोडी त्याच्यापुढं ठेवल्या आणि एक स्वतःच्या तोंडात टाकली. तिच्या वेडासाठी दिलेलं ते फळ ती खात होती, रस हनुवटीवर आला तो पदरानं टिपत होती, “ग्वाड हाय,” म्हणत होती. त्याला उठून जावंसं वाटलं. पण घरातून उठून जायचं कुठं? बाहेर तर तेव्हा त्याला आखलेल्या पायरीपुढं जाताच येत नव्हतं.

गाडी शहराबाहेर पडली. शहर असताना खिडकीत काहीतरी जवळ होतं, भिंत, पाटी, दुकान. आता दोन्ही बाजूंना रान उघडं झालं, कापूस फुटलेला, तूर कमरेएवढी, आणि आभाळ पार खालपर्यंत आलेलं. सहा. सात. त्यानं वही काढली नाही, मनातच लिहिलं. वही म्हणजे कचेरीतली मोजणीची. वीस वर्षं त्यानं तिच्यासारख्या वह्यांत लोकांच्या जमिनी उतरवल्या होत्या, बांध, हद्दीचे दगड, विहिरी, आणि आता त्याच रकान्यांत भीती उतरवत होता. तारीख, ठिकाण, सुरुवातीला किती, जास्तीत जास्त किती, किती मिनिटांनी उतरली. पहिलं पान: फाटक, आठ, नऊ, चोवीस मिनिटं. घराच्या फाटकाशी उभा राहून चाळीस वर्षांचा माणूस थरथरतो आणि शेजारची लहान मुलगी सायकल थांबवून विचारते, “काका, तुमची किल्ली हरवली का?” तो म्हणतो, “हो.” मग ती मुलगी वाकून किल्ली शोधायला लागते, आणि तोही शोधतो, नसलेली किल्ली, शेवटी पाय थांबेपर्यंत. मग कोपऱ्यावरचं किराणा दुकान. मग चौक. रूपाली रोज संध्याकाळी चहा ठेवताना विचारायची, “आज किती?” “सात.” “काल फाटकात सात होते, आज कोपऱ्यावर सात. हद्द सरकली की पुढं.” ती हसायची, आणि तो हसण्याचं तोंड करायचा. हात मोडला असता तर गळ्यात अडकवून फिरवता आला असता. लोकांनी विचारलं असतं, कुठं पडलात. ह्याला काय अडकवणार, कुठं पडलो म्हणून सांगणार?

पडला होता तो दौलताबादला. किल्ल्याखालच्या रानात, दोन भावांच्या वाटणीची मोजणी, दोन्हीकडची मिळून चाळीसेक माणसं, तिपाईवर यंत्र, त्याच्या हातात झेंडी. काही झालं नव्हतं. कुणी आवाज चढवला नव्हता. त्यानं यंत्राला डोळा लावला, लांबवर रान भिंगात थरथरलं, आणि त्याच्या छातीत काहीतरी सुटलं, विहिरीत रहाटाचा दोर सुटावा तसं. बोटांना मुंग्या, कानात पाणी भरल्यासारखं, आणि एकच गोष्ट स्वच्छ, की आता आपण मरतो, इथं, ह्या सगळ्यांच्या समोर. त्यानं झेंडी टाकली आणि मातीत बसला. लोक भले होते, त्यांनी बाभळीखाली नेलं, पाणी मारलं, गाडी आणली. पण डोळे मिटलेले असताना मागून कुणीतरी म्हणालं, “झेपतंय का ह्यांना हे काम.” ह्यांना म्हणजे त्याला एकट्याला, की आणखी कुणाकुणाला, ते वाक्यात नव्हतं. त्याचं त्यानंच ते भरून घेतलं. त्याची नोकरी लागली तेव्हा आईनं गावात ओवी जोडून म्हटली होती:

ज्या रानात वेचलं मी, बोंड बोंड दिसभर
त्याच रानी लेक माझा, झेंडी रोवी बांधावर

बायकांनी ती आळीभर केली होती, लग्नाच्या हळदीतसुद्धा म्हणायच्या. तो पडला तेव्हा झेंडी पडली, आणि झेंडी एकट्याची नव्हती. हृदयाच्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या निघाल्या, आणि प्रत्येक चांगल्या कागदागणिक त्याची मान खाली गेली. काहीतरी निघायला हवं होतं. रजेच्या अर्जात त्यानं “छातीचा त्रास” लिहिलं. मग उड्डाणपूल टाळायला लागला, मग बाजार, मग कचेरी, मग गल्ली. टाळल्यावर इतकं बरं वाटायचं की त्यालाच तो उपचार समजत होता. घर लहान होत होत शेवटी पलंगाएवढं झालं.

“तुम्ही मरणार नाही आहात, आणि वेडेही होणार नाही आहात,” डॉक्टर मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या. वयानं त्याच्याहून लहान, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. “तेवढं आधी वहीत लिहा बघू.” त्यानं लिहिलं, मुलासारखं. “तुमच्या अंगात एक राखणीचं कुत्रं आहे. सगळ्यांच्याच असतं. तुमचं, चोर नसतानाही भुंकतं. भुंकणं खरं आहे हं, मी नाटक म्हणत नाहीये. छाती धडधडते ती खरीच धडधडते. फक्त चोर खरा नाही. आणि ते भुंकलं की तुम्ही दरवेळी पळता. मग त्याला वाटतं, बघा, मी भुंकलो म्हणून मालक वाचला. दुसऱ्या दिवशी जास्त भुंकतं.” त्यानं विचारलं, मग कुत्र्याला करायचं काय. “मारायचं नाही. पळायचं नाही. दारात उभं राहायचं, ते दमेपर्यंत. दहा-पंधरा मिनिटं फार चढतं, मग उतरायला लागतं. उतरतंच. ते त्यालाही दिसायला हवं.” सकाळी एक गोळी, तिचा गुण तीन-चार आठवड्यांनी, त्याआधी नाही, मनानं बंद करायची नाही. आणि सोबतीच्या काठ्या एकेक करून टाकायच्या, बाटली, ती जिभेखालची गोळी, शेवटी बायको. त्यानं कापसाच्या रानाची गोष्ट सांगितली, चड्डीचं सोडून. मॅडम म्हणाल्या, त्याच्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही, अशी पोरं पुष्कळ हरवतात आणि पुष्कळ सापडतात. मग जरा थांबून, “घरी कुणाकुणाला माहीत आहे?” “बायकोला.” “आणि आईला?” “छातीचं म्हणून.” त्यांनी चष्मा वर केला. “लपवायला फार ताकद लागते हो. ती दुसऱ्या कामाला वापरता येईल.”

आई गावी परत गेली, वर्षावास सुरू झाला. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने विहारात रोज दिवेलागणीला ग्रंथवाचन होतं, आणि वाचनाआधी त्रिशरण-पंचशील द्यायचं काम गेली सत्तावीस वर्षं भामाबाईचं. तिला अक्षर येत नाही. पाली तिनं कानानं उचललेलं, एकही काना इकडचा तिकडं नाही. ती एकेक शील म्हणणार आणि विहार मागून म्हणणार, कचेरीतून आलेले, मोलमजुरीहून आलेले, सगळे तिच्या मागं. श्रावण लागायच्या आधी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, बोअरला पाणी आलं, शेजारणीची शेळी व्याली. मग म्हणाली, “रामकिसन भावजी इचारीत व्हते, डाक्टरनं काय सांगितलं म्हनून.” त्याच्या हातातला फोन गरम झाला. त्याला वाटलं, आता ती विचारेल. विचार, आई. “मग?” तो म्हणाला. “तू काय म्हणालीस?” “म्हनले, गोळ्या दिल्यात.” पलीकडं कोंबडी ओरडली. “तू जेवला का?” आई म्हणाली. ती सगळं समजली होती, आणि समजून तिनं आपल्या अंगावर घेतलं होतं, त्या न सांडलेल्या तांब्यासारखं. तो म्हणाला, “जेवलो.” अडीच महिने तो रोज तिला फोन करत होता आणि रोज जेवला असल्याचं सांगत होता.

आडूळच्या अलीकडं गाडी थांबली. पुढं ट्रक बंद पडला होता, मागं गाड्या लागत गेल्या, दोन्ही बाजूंनी. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. इंजिनाची घरघर गेली आणि त्याला स्वतःचं काळीज ऐकू यायला लागलं. आठ. दार पुढं, मधे पिशव्या, माणसं, टोपल्या. नऊ. तळहातांतून पाणी, ओठ बधिर, डोळ्यांच्या कडा काळ्या. आतल्या खिशात बोटं गेली आणि गोळी धरली. धर, घे, उतर, बाभळीखाली बस, रूपालीला फोन कर. शेजारी बसलेल्या बाईनं मांडीवरचं कोथिंबिरीचं गाठोडं सरकवलं. “भाऊ, उतरायचंय का? तोंड पांढरं पडलंय तुमचं.” “नाही.” “उलटी व्हतीया का? माझ्या साडीवर नका बरं, नवी हाय.” “नाही,” तो म्हणाला, आणि मग, का कुणास ठाऊक, “भीती वाटतेय.” बाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. “यष्टीची?” “अशीच.” “माझ्या भाचीला वाटती विमानाची,” बाई म्हणाली. “बसलीच न्हाई ती कधी विमानात, तरी वाटती.” आणि तिनं कोथिंबिरीची एक काडी मोडून त्याच्या हातात दिली. “हुंगा.” त्यानं हुंगली. नऊ. नऊ. त्यानं पळून जायचं नाही एवढंच केलं, दुसरं काही केलं नाही. मिनिटं बैलासारखी चालली. ट्रक बाजूला झाला तेव्हा सात होते, गाडी हलली तेव्हा सहा. त्यानं खिशातून हात काढला. गोळीचा मुठीत चुरा झाला होता, घामात भिजून पिठासारखा. तो त्यानं खिडकीबाहेर झटकला. पण मान वर झाली नाही. अनोळखी बाईला जे दोन शब्दांत सांगता आलं, ते घरच्या माणसाला अडीच महिन्यांत आलं नव्हतं.

पाचोडला उतरला तेव्हा दिवस मावळून गेला होता. विहारापुढं मांडव, चुलवणावर खिरीचं पातेलं, पोरांची पळापळ. मांडवात बायका एकीकडं, पुरुष एकीकडं, सगळ्यांची वस्त्रं पांढरी, आणि क्षणभर त्याला पुन्हा ते रान दिसलं. आई सगळ्यात मागं होती, भिंतीला टेकून. सत्तावीस वर्षं जी पुढं बसली ती मागं. “आलास?” तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, शर्ट भिजून गार पडलेला. शेजारच्या साळूबाईनंही पाहिलं. “आगं बया, किती घामाघूम झालाय लेक.” “ऊन लई हाय ना,” आई म्हणाली. ऊन कुठंच नव्हतं. मांडवातले दिवे लागले होते.

साळूबाई त्याच्याकडं सरकली, आवाज उतरवून. “काळजी नका करू सायेब, आमी समदे सांभाळतोत यांना. एकटं सोडत नाय कुठं. रानात नाय, बाजारात नाय.” मग आणखी हळू, “शील मातुर आता मी देते. आमी नव्हतं म्हनलं वो बंद करा म्हनून, उलट आमी मागं लागलो. ह्याच म्हनाल्या, साळू, तू म्हन, माझ्या तोंडाला आता ते शोभत नाय. डोक्याचं दुखनं, काय बोलनार?” रामकिसन काकांनी लांबूनच हात जोडून त्याला नमस्कार केला आणि डोळ्यांनी खूण केली, बरी आहे वहिनी, आम्ही आहोत. सगळं गाव आईशी इतकं चांगलं वागत होतं की त्याला कुणाचा रागही धरता येईना.

साळूबाई पुढं जाऊन बसली. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या लागल्या. तिनं पहिलं शील म्हटलं आणि मांडव मागून म्हणाला. इंद्रजीत म्हणत होता आणि आईकडं बघत होता. पहिल्या शीलाला तिचे ओठ हलले. दुसऱ्याला हलले, तिसऱ्याला हलले. “मुसावादा वेरमणी,” साळूबाईनं चौथं घेतलं, खोटं न बोलण्याचं, आणि सगळा मांडव म्हणाला, आणि आईचे ओठ मिटलेले राहिले. तिनं खाली, आपल्या हातांकडं पाहिलं. पाचव्याला ते पुन्हा हलले. त्याला वाटलं होतं, तिच्याकडून गावानं काढून घेतलं. गावानं नव्हतं घेतलं. गोळ्या दिल्यात, हे दोन शब्द तिनं त्याच्यासाठी उच्चारले, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, अडीच महिने, ती चौथ्या शीलाशी गप्प बसत होती.

“आपले इंद्रजीत सायेब शहरातनं खास आलेत,” रामकिसन काका माईकवर म्हणत होते, “तब्येत बरी नसताना आलेत. दोन शब्द बोलतील.” टाळ्या वाजल्या. चपला दारात होत्या, दार चार पावलांवर. आठ, मग नऊ. तो उठला, आणि पाय दाराकडं न जाता पुढं गेले तेव्हा तो त्यांच्याकडं परक्या माणसाच्या पायांसारखा बघत राहिला. माईक हातात आला तो थरथरला, आणि कर्ण्यातून ती थरथर सगळ्यांना ऐकू गेली, करकर करत.

“काका,” तो म्हणाला. “आषाढात औरंगपुऱ्यात तुम्ही मला विचारलं होतं, कुणाला आणलंय म्हणून.”

काकांचं हसू तसंच राहिलं, फक्त भुवया वर गेल्या.

“मी म्हणालो, आईला. आई त्या दिवशी घरी होती. भाकरी करत होती. तिच्या डोक्याला काही झालेलं नाही, कधीच नव्हतं. तुमची मोसंबी मी तिला बाजारात घेतली म्हणून खायला घातली.”

मांडवात कुणी खोकलं. खिरीच्या पातेल्यातला झारा थांबला. मागून, भिंतीपासून, आईचा आवाज आला, त्यानं दुनियेत सगळ्यात आधी ओळखलेला आवाज, घाईचा, “इंदर, बस खाली. भावजी, त्याला परवासात ऊन लागलंय, तो—”

“ऊन नव्हतं, आई,” तो म्हणाला. “तांब्याबी नव्हता.”

त्याचे गुडघे उघड उघड हलत होते, पुढच्या रांगेतली पोरं ते बघत होती, आणि त्यानं ते त्यांना बघू दिलं.

“त्या डाक्टरकडं मी गेलतो. माझ्यासाठी. मला भ्या वाटतं, घराबाहेर पडायचं, मोकळ्या रानाचं, माणसांचं. आत्ता हितं उभा हाय तरी लई वाटतंय. अजून जातो मी तिकडं, अजून गोळी घेतो. आईनं माझ्यापायी खोटं सांगितलं. पेशंट मी हाय.”